नदीवरच्या नऊ मोटारी

राहूच्या शिवारात नदीकाठाला एक डीपी होती आणि त्या डीपीवर पाणी उपसणाऱ्या नऊ मोटारी चालत. डीपी म्हणजे दोन खांबांच्या मधे बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. नऊ मोटारींचे नऊ मालक. बांधावरून, वाटेवरून, सोसायटीच्या निवडणुकीवरून त्यांचं कधी पटलं नाही, पण एका गोष्टीवर मात्र नवांचं एकमत होतं. लाईट आली की सगळ्यांच्या आधी आपली मोटार सुरू झाली पाहिजे.

दोन हजार तीन साल होतं आणि लोडशेडिंगने सगळ्यांना जेरीला आणलं होतं. लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून नवांनीही मोटारीला ऑटो बसवला होता. लाईट आली की हा ऑटो आपला आपण मोटार सुरू करतो. सोय नामी होती, फक्त नऊच्या नऊ ऑटो एकाच क्षणी कामाला लागत. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. नऊ मोटारींनी एकदम ओढ घेतली की व्होल्टेज बसायचं, मोटारी जागच्या जागी घुं घुं करत राहायच्या आणि फ्यूज उडायचा. फ्यूज सारखा उडतो म्हटल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? मोटारी एकदम सुरू होऊ देऊ नयेत. आमच्या शहाण्यांनी फ्यूजच्या जागी जाड तार आवळली. त्याने फ्यूज उडायचा थांबला आणि डीपीच जळायला लागली.

एवढं यंत्र बसवूनही लाईट आली की नऊ जण नदीकडे पळत सुटायचेच. आपली मोटार चालू झाली का आणि शेजाऱ्याची आपल्या आधी तर झाली नाही ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या जिवाला चैन नसे.

त्या नऊ जणांतले एक अयुब तांबोळी. त्यांची थोरली मुलगी आसमीन पुण्यात इलेक्ट्रिकलचं एम.ई. करत होती. बारावी दौंडला, बी.ई. पुण्याला, आणि बी.ई. झाल्यावर चांगली नोकरी धरायची सोडून बाई पुन्हा कॉलेजात. पोरीचं शिक्षण संपतंय कधी, असं लोक तिच्या आईला, बिबीजानला विचारत. बिबीजान "मशीन बनवतीया" एवढंच सांगून चहा टाकायला उठायची. कसलं मशीन, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मशीन या डीपीसाठीच होतं. एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो आणि आसमीनने विषय घेतला होता तो घरचाच. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या अनेक मोटारी, एकमेकींना तारेने न जोडता, एकामागून एक कशा सुरू करायच्या? तिच्या मार्गदर्शक सुलक्षणा मॅडमना विषय एकदम आवडला होता. फक्त त्यांचं म्हणणं होतं की सगळं कॉम्प्युटरवर करावं.

"मोटारीचं मॉडेल आहे, ट्रान्सफॉर्मरचं मॉडेल आहे," मॅडम म्हणाल्या. "सिम्युलेशन कर, आलेख काढ, जूनमध्ये प्रबंध दे आणि मोकळी हो."

"मॅडम, कॉम्प्युटरमधल्या मोटारीला मालक नसतो."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे बघ, शेतावरचं रीडिंग घ्यायचं तर पूर्ण महिन्याचं घ्यावं लागेल, आणि त्या महिन्यात डीपी एकदाही जाता कामा नये. गेली तर तुझा दावाच उरत नाही. टर्म वाया जाईल."

"जाऊ दे," आसमीन म्हणाली. वरून बोलली ठणठणीत, पण आतून तिची तंतरली होती. तरी ती मागे हटली नाही. डीपी जळाली की उभं पीक कसं माना टाकतं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. त्यावरचं उत्तर कॉलेजच्या गार खोलीत बसून कागदावर बरोबर आणायचं आणि गावाकडे पाठ फिरवायची, हे तिच्याने होणार नव्हतं.

पेट्या बनवायला तिला अख्खा मार्च लागला. तिचा भाऊ अक्रम नदीपलीकडे शिरूर तालुक्यात, कारेगावात राहून कंपनीत पॅनेल वायरिंगचं काम करायचा. त्याने पत्र्याचे नऊ डबे करून आणले. प्रत्येक डब्यात एक टायमर, एक रिले आणि एक बारका स्क्रू. तो स्क्रू जितका फिरवावा तितका वेळ पेटी थांबायची आणि मगच मोटार सुरू करायची. पहिली मोटार लगेच, दुसरी थोड्या वेळाने, तिसरी तिच्यामागून, असं करत नववीचा नंबर येईपर्यंत तंबाखू मळून होईल, एवढाच काय तो उशीर. स्क्रू हलू नये म्हणून त्यावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. लॅबमध्ये सगळे असंच करतात. मैत्रिणीची अर्धी बाटली त्यात संपली आणि मैत्रीण आठवडाभर फुगून बसली.

नऊ मालक डीपीखाली जमले तेव्हा खरी परीक्षा झाली. सावळाराम आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचं क्षेत्र सगळ्यात मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

"पोरी, पेट्या लावू. आमची ना न्हाई," ते म्हणाले. "पन ह्या खटपटीत डीपी जळाली तर?"

आसमीनने तोंड उघडायच्या आत तिचे वडील पुढे झाले. "जळाली, तर नवी डीपी आल्यावर तुमच्या आठ जनांचं पानी भरून होईस्तवर मी मोटार चालू करनार न्हाई. माझा शब्द."

भर एप्रिलमध्ये असा शब्द देणं म्हणजे स्वतःच्या पिकावर स्वतःच नांगर घालणं. आसमीनला त्यांना अडवायचं होतं. पण शब्द दिला गेला होता, आणि अयुबभाईंनी शब्द दिल्यावर पुढे बोलायला जागा नसते हे सगळ्यांना माहीत होतं.

नंबर तिने डीपीपासूनच्या अंतराने लावले. सावळाराम आप्पांचा पहिला. साळूबाई नावाच्या विधवा बाई एकट्याने शेती करायच्या, त्यांचा चौथा. जालिंदरचा सहावा. हा जालिंदर स्वतःला निम्मा वायरमन समजे आणि फ्यूजमधली ती जाड तार त्याचीच करामत होती. आता तार बदलून नीट फ्यूज घाला, असं आसमीनने त्याला बजावलं, आणि त्याने मान डोलावली. घरच्या मोटारीचा नंबर अंतराने तिसरा येत होता, पण उद्या कुणी म्हणायला नको म्हणून तिने तो मुद्दाम नववा लावला.

पहिले काही दिवस सगळं दृष्ट लागावी असं चाललं. लाईट यायची आणि मोटारी एकीमागून एक पाणी धरायच्या. आसमीन काठावर मीटर घेऊन बसायची आणि करंटचा काटा चढताना बघून तिला हसू फुटायचं. आठवड्याने रीडिंग दाखवायला ती पुण्याला गेली. मॅडमनी आलेख पाहून पाठ थोपटली. परतताना केडगावला पुणे-दौंड शटल रेल्वेतून उतरली ती तरंगतच, आणि जीपमध्ये बसल्यावर तिला शेजारच्या माणसाने सांगितलं की राहूची नदीवरली डीपी काल जळाली.

ती घरी न जाता तडक नदीवर गेली. डीपीखाली तेल सांडलं होतं आणि जळका वास अजून येत होता. फ्यूजच्या जागी तीच जुनी जाड तार होती. जालिंदरने मान डोलावली होती, तार काही बदलली नव्हती. पण नुसत्या तारेने डीपी जळत नाही. मोटारी एकदम सुरू झाल्या असल्या पाहिजेत, आणि पेट्या असताना त्या एकदम सुरू होतील कशा, हे तिला कळेना. गणित चुकलं? टायमर उन्हाने बिघडले? तिने नऊच्या नऊ पेट्या सोडवल्या, पोत्यात भरल्या आणि घरी पडवीत आणून एकेक उघडायला बसली.

पहिलीच पेटी साळूबाईंची निघाली. तिच्यातला लाल ठिपका तडकलेला होता आणि स्क्रू पार शेवटाला, वेळ शून्यावर नेऊन ठेवलेला. दुसरी जालिंदरची, तिचंही तेच. तिसरी, चौथी, पाचवी. आसमीनचे कान तापले. तिचं गणित कुठेच चुकलं नव्हतं. चोरून, एकमेकांना पत्ता लागू न देता, जो तो आपापली पेटी उघडून पहिला नंबर घेऊन बसला होता. सावळाराम आप्पांचा तर मुळातच पहिला नंबर, पण त्यांनीही स्क्रू करकचून पिळला होता. पहिल्याच्याही पुढे एखादा नंबर असला तर तो हातचा जायला नको!

सगळ्यात शेवटी तिने घरची पेटी उघडली.

तोही ठिपका तडकलेला होता.

अयुब दारातच उभे होते. बराच वेळ झाला असावा, कारण त्यांच्या हातातला चहा निवला होता.

"अब्बा, तुम्ही सुद्धा?" आसमीनने विचारलं. "माझ्या पेटीवर तुमचाच विश्वास नव्हता?"

अयुब खाली बसले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"तुझ्या पेटीवर व्हता की," ते म्हणाले. "पैल्या दिसापास्नं व्हता. बाकीच्या आठ जनांवर न्हवता. मी म्हनलं, हे समदे स्क्रू फिरवनार. आपुन नववे बसलो तर व्होल्टेज बसल्यावर आपली मोटार उचलायची न्हाई. आजवर झालंय कवा, मागं ऱ्हायलेल्याची मोटार चालली असं?"

ती चिडून उठली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बिबीजानने ताट वाढलं, तिने ढकललं. राग बापाचा होता, आठ जणांचा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःचा होता. मोटारीला मालक असतो असं मॅडमना टेचात सांगून आली होती, आणि पेटी बनवताना मालकालाच विसरली. सगळे आपापल्या जागी थांबले तर नवव्याचंही पाणी तेवढंच येतं, हे सगळ्यांना समजत होतं. पण बाकीचे थांबलेत हे कुणाला दिसतच नव्हतं. मग एकट्याने थांबून वेडं कोण ठरेल?

राग ओसरला तेव्हा तिला त्यांच्या मळ्यातल्या सामाईक विहिरीची आठवण झाली. चार घरांची एक विहीर. पाण्याची पाळी आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. भांडणं सतरा झाली, पण पाळी कधी कुणी मोडली नाही. शेवटचा असला तरी माणूस गप बसून राहायचा, कारण फिरून पहिला नंबर त्याचाच येणार असायचा, आणि आज कुणाची पाळी आहे हे चारी घरांच्या पोरासोरांनाही पाठ असायचं. ती उठली, पुढ्यात ताट ओढलं आणि जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जळक्या डीपीखाली जमले. आप्पांनी सुरुवातच जोरात केली.

"मी म्हनलंच व्हतं! शाळंतली यंत्रं शाळंतच बरी. ह्या पेट्यांनी डीपी खाल्ली आमची."

आसमीनने पोतं उलटं केलं आणि पेट्या मांडल्या. सगळ्यात आधी तिने एक पेटी उचलून झाकण काढलं.

"ही आमची," ती म्हणाली. "नेलपॉलिश तडकलंय बघा. स्क्रू शून्यावर नेलाय." कुणी नेला, ते वाक्य तिने अर्धंच सोडलं.

ते मागून अयुबनी पुरं केलं. "मीच फिरवला. नववा नंबर व्हता माझा. दम धरवला न्हाई."

अयुबभाईंसारखा माणूस चारचौघांत मान खाली घालून उभा आहे, हे बघणंच अवघड होतं. आसमीनला वाटलं, आत्ताच्या आत्ता पेट्या उचलाव्यात आणि निघून जावं. पण ती तिथेच उभी राहिली.

"म्या बी फिरवला," साळूबाई एकदम म्हणाल्या. "केसातल्या आकड्यानं. मला काय ठावं, समद्यांनीच फिरवलाय!"

मग जालिंदर खाकरला. मग आणखी एक जण. एकेक करत सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"आप्पा, तुमचा तर पैलाच नंबर व्हता की वं!" जालिंदर म्हणाला, आणि साळूबाईंना असं हसू फुटलं की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. शेवटी आप्पाही हसले, पण ओशाळून.

हशा थांबायच्या आत आसमीनने आपलं म्हणणं पुढे केलं. आता स्क्रू नाही. नंबर पेटीच ठरवणार, आणि दर लायटीला फिरवणार. आज जो पहिला तो पुढच्या लायटीला नववा, मग आठवा, सातवा, असं सरकत पुन्हा पहिला. आणि पेटीवर लाल दिव्यात मोठा आकडा दिसणार. कुणाचा आज कितवा, हे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही वाचता येईल.

"म्हंजी इहिरीवानी पाळी," साळूबाई म्हणाल्या.

"व्हय मावशी, तसंच."

"आन् परत जळाली तर?" आप्पांनी विचारलं.

"तर परत बनवीन," आसमीन म्हणाली. "तुम्ही दमाल आप्पा, मी न्हाई दमायची."

"बनव," आप्पा एवढंच म्हणाले. आणि जाता जाता जालिंदरला, त्याच्या तारेसकट, चार शब्द सुनावून गेले.

नवी डीपी आली तेव्हा अयुबनी दिलेला शब्द पाळला. नऊच्या नऊ जण दोषी होते, त्यामुळे तो पाळायला त्यांना कुणीच सांगितलं नाही. उलट साळूबाई घरी येऊन, "अयुबभाई, मोटार चालू करा," म्हणून विनवून गेल्या. पण आठ जणांचं पाणी भरून होईपर्यंत त्यांनी मोटारीला हात लावला नाही. त्यांची भेंडी वाळून कोळसा झाली. आसमीन ती वाळलेली भेंडी उपटू लागली आणि बापलेकींनी मिळून रान मोकळं केलं. त्या कामात दोघं पुन्हा बोलायला लागली.

मॅडमनी पुन्हा एकदा समजावलं. "अजून वेळ आहे. पंधरवड्यात सिम्युलेशन होईल. बरोबरची मुलं जूनमध्ये सुटतील आणि तू डिसेंबरपर्यंत अडकशील. होस्टेलची खोलीही जाईल."

"मी घरून येईन, मॅडम."

आणि ती आली. जूनपासून रोज राहूहून जीप, केडगावहून शटल, पुण्यात बस. बरोबरच्या मुलांनी पेढे वाटले, ते तिने खाल्ले, आणि सगळे पांगल्यावर लॅबमध्ये ती एकटी उरली. आता पेटीत साधा टायमर नव्हता, मायक्रोकंट्रोलर होता. प्रोग्रॅम लिहायचा, चिपमध्ये भरायचा, चुकला की पुसायचा. लाईट गेली तरी नंबर विसरू नये म्हणून वेगळी मेमरी चिप घातली.

नऊ पेट्या टेबलावर मांडून सगळ्या एका बटणावर घेतल्या आणि ती लाईट घालवत आणि आणत बसली. लॅबमधले शिपाई हौशीराम मामा येता-जाता तिला चिडवायचे, "मॅडम, तुम्हाला काय लोडशेडिंगची नोकरी लागली का?" ती हसायची आणि परत बटण दाबायची. पण एक दिवस दोन पेट्यांवर एकाच वेळी चारचा आकडा दिसला. शेतावर असे दोन ठिकाणी चार दिसले असते, तर नऊ माणसं पुन्हा झाकणं उघडायला मोकळी.

चूक शोधण्यात पावसाळा सरला. गावाकडे लाईट सरळ येत नाही हे तिला माहीत होतं. ती येते, चुटकन जाते, परत येते. तसं झालं की एखादी पेटी त्या झटक्याला लाईट आली असं समजून नंबर पुढे सरकवायची, आणि दुसरीला त्याचा पत्ताच नसायचा. नऊ पेट्या नऊ तऱ्हेच्या. उपाय सापडला तेव्हा तिला स्वतःचीच कीव आली, इतका तो साधा होता. आलेली लाईट जरा वेळ टिकू द्यायची, मगच ती आली म्हणायची. पण साध्यापर्यंत पोचायला तिला किती वेळा प्रोग्रॅम पुसावा लागला, हे त्या टेबलालाच ठाऊक. त्यानंतर तिने बटण इतकं दाबलं की शेवटी बटणच तुटलं, आणि तोवर एकदाही दोन आकडे सारखे आले नाहीत.

दिवाळी झाल्यावर पेट्या लागल्या. पहिल्या दिवशी नऊ जण काठावर हजर होते, आणि कुणीही आपल्या पेटीकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याचा आकडा वाचत होता. पहिल्यांदा सावळाराम आप्पांच्या पेटीवर नऊ आला, तेव्हा ते खुर्ची घेऊनच पेटीसमोर बसले. जालिंदरची धरली, अयुबभाईंची धरली, साळूबाईंची धरली. आप्पांचा पाय हलायला लागला. आठवी धरली. आप्पा उठून उभे राहिले. मग त्यांच्या मोटारीनेही हूं केलं आणि पाइपातून पाण्याचा लोट बाहेर पडला, रोजच्याएवढाच. आप्पा परत खुर्चीत बसले आणि त्यांनी चहा मागवला.

महिना पुरा होत आला तसं आसमीनने मॅडमना राहूला बोलावलं. मॅडम त्यांच्या गाडीने आल्या, वरवंडच्या बाजूने रस्ता चुकून वैतागलेल्या. बिबीजानने पोहे करून ठेवले होते, त्यांचा घास हातात असतानाच लाईट आली. मॅडम आणि आसमीन उठून नदीवर धावल्या.

काठावर कुणीच नव्हतं. पत्र्याच्या डब्यांवर लाल आकडे पेटले होते. एकचा आकडा साळूबाईंच्या पेटीवर होता, तिची मोटार घुमली आणि पाणी आलं. मग दोनची. मग तीनची. आसमीनच्या हातातल्या मीटरचा काटा एकेक पायरी चढावी तसा वर जात होता आणि कुठेही थरथरत नव्हता. डीपी शांतपणे गुणगुणत होती. नऊचा आकडा अयुबभाईंच्या पेटीवर होता. तीही मोटार धरली आणि पाणी पाटाला लागलं.

मॅडमनी सगळी रीडिंग स्वतः उतरवून घेतली. मग आजूबाजूला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शेतकरी कुठे आहेत? मला त्यांच्याशी बोलायचं होतं. मी येणार म्हणून कळवलं नव्हतंस का?"

"कळवलं होतं. संध्याकाळी घरी येणार आहेत सगळे, चहाला."

"आणि आत्ता? लाईट आल्यावर सगळे नदीकडे पळत येतात, असं तूच लिहिलंयस प्रबंधात. तुझे वडील कुठे आहेत? त्यांचा तर आज नववा नंबर आहे."

"अब्बा सकाळीच बाजाराला गेलेत," आसमीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "आता कुणी बघायला येत नाही, मॅडम."

मॅडमनी त्या रिकाम्या काठाकडे पाहिलं. मग त्यांनी रीडिंगच्याच कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, "कधीपासून?"